रकाना

स्कोअरशीटवर रकाने असतात :
नाव, जर्सीचा नंबर, फाउल, गुण.
बास्केटआधीचा पास कोणी दिला
त्याला रकाना नसतो; निदान आमच्या वेळी
टेबलावरच्या त्या कागदावर तरी नव्हता.
म्हणून कुंदा निखारे, नंबर चार, उंची पाच फूट एक,
हिनं बावीस वर्षांत, कागद पाहिला तर,
जवळजवळ काहीच केलं नाही.

मी नंबर चौदा. माझ्यापुढे आकडे आहेत.
एकतीस, अठ्ठावीस, एकदा भुसावळात चाळीस.
रिंगखाली उभं राहायचं, बस्स,
बॉल यायचा.
कुठून यायचा ते अजून नीट सांगता येत नाही.
कोणाच्या तरी काखेखालून, एक टप्पा घेऊन,
ती पाहत असायची भलतीकडे
आणि बॉल माझ्या तळहातात,
मे महिन्यातल्या सिमेंटसारखा गरम.

गोळीबार चौकाच्या मागे तिचं घर.
बापाचे दोन माग : एक चालू,
दुसरा पहिल्याला सुटे भाग पुरवायला.
ती सांगायची, गिऱ्हाईक किनार पाहून भाव करते,
धोट्याले कोणी विचारत नाही.
तक्रार म्हणून नाही. पोह्यांवर शेव टाकता टाकता,
आणि लगेच, "तुह्या तर्रीत तिखट कमी हाय, दे इकडं."

सराव साडेपाचला. सातपर्यंत कोर्ट पोळायचं,
बुटांचे तळ सुटायचे.
सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन ती आणायची,
अख्ख्या टीमपुरतं.
पहिल्याच दिवशी मला म्हणाली,
"माह्याकडं पाहून नको राहू. हात उघडे ठेव."

रेल्वेत लागलो एकाच ऑर्डरवर. अजनी, लेखा विभाग.
आठ महिने प्रवासभत्त्याची बिलं,
चार महिने आपलाच प्रवास :
खडगपूर, गोरखपूर, कोटा.
गाडी हलली की ती डोकी मोजायची.
"बारा. हौ, बारा."
मगच चादर पांघरायची.

गुडघा गेला तेव्हा एकोणतीसची होती.
आवाज मी ऐकला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
नऊ महिने मेडिकलच्या चकरा,
परत आली तर पायात वेग नव्हता.
मग पायांचं काम तिनं डोळ्यांना दिलं.
आम्ही सगळ्याच जरा हळू झालो
आणि, काहून कोण जाणे, जिंकू लागलो.

आता ती फायनल.
सात सेकंद, एक गुण मागे.
मी नेमकी तिच्याकडे पाहत राहिले.
पास आला, खांद्याला लागला, बाहेर गेला.
दुसऱ्या दिवशी पेपरात :
'निखारेच्या चुकीने रेल्वेचा पराभव'.
बावीस वर्षांत तिचं नाव मथळ्यात एकदाच आलं,
ते माझ्या खांद्यामुळे.
तिनं पेपर दुमडला, डबा त्याच्यावर ठेवला.
"नाव तरी बरोबर छापलं बाप्पा," म्हणाली,
"तुहं तर दर वेळेस चुकवतेत."

मी काही बोलले नाही. ऑफिसात नाही, घरी नाही,
तिच्या निरोप समारंभात माइक हातात होता
तेव्हाही नाही.
ही दुरुस्ती समजा. उशिरा आहे.

नंदनवनात एका शाळेच्या मैदानावर
ती आता पोरी शिकवते. बाजारातून येताना
मी जाळीपाशी थांबते.
एक लांबच लांब पोरगी, बाराची असेल,
कोपरांचं काय करावं तिला कळत नाही.
कुंदाचा आवाज येतो : "माह्याकडं पाहून नको राहू."
पोरगी पाहतच राहते.
बॉल तिच्या खांद्याला लागून
फाटक्या जाळीतून बाहेर, घरंगळत माझ्याकडे.

मी मेथीची पिशवी खाली ठेवते.