गेली / राहिली

ऐरोलीच्या खाडीकाठच्या कोळिणी, मोहरीएवढ्या,
लघवी तपासायच्या डब्यांत वाढवते मी.
कॉलेजचं बजेट तेवढंच.
घरी सांगितलं तर हसले. आम्हीही कोळीच.

पाण्याच्या ट्रेमध्ये उदबत्तीच्या काड्या उभ्या करायच्या,
टेबलफॅन एकवर.
कोळीण टोकाशी चढते,
चवड्यांवर उभी राहते, पोट आभाळाकडे,
सोडते एक धागा
आणि वारा तिला उचलतो.

सतरा नंबरच्या मात्र चढतात,
टोकाशी थांबतात, पाय झटकल्यासारखं करतात,
खाली येतात.

तपासलं. पट्टी उमटली.
पेशीच्या आत, अंड्याच्याही आत
जीवाणूचं बिऱ्हाड.
आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला,
दागिन्यासारखं नाही; दागिना काढून ठेवता येतो.
मुलातून त्याला पुढे वाट नाही,
म्हणून सतराच्या एका पिशवीतून निघाली चाळीस पिल्लं,
एकोणचाळीस मुली.
काकी म्हणाली, "आणि नावं ठेवायची ती आईला,"
आणि तिनं भाकरी उलटली.

"मॅडम, हा रोग का?" तेजलनं विचारलं.
खाते, विणते, अंडी घालते.
फक्त जात नाही.

माझंही एकदा टोकापर्यंत चढून झालंय.
लाइपझिगचं पत्र, व्हिसा, तेवीस किलोंची बॅग.
दिवा गावच्या ओट्यावर आई सुके बोंबील निवडत होती.
जाऊ नकोस, असं एकदाही म्हणाली नाही.
लोक म्हणतात, आईसाठी राहिलीस.
मी म्हणते, खाडीची हवा मानवते.

सतराच्या पाच लेकींना औषध पाजलं.
केमिस्टनं तेच दिलं होतं, आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांसोबत,
एकाच कागदी पिशवीत.
त्यांच्या अंड्यांतून मुलगे निघाले, बऱ्यापैकी.
आणि पाचांतल्या तिघी उडाल्या.
तेजलनं टाळ्या वाजवल्या.
मी खिडकीच्या जाळीवर धागे शोधत राहिले.

उरलेल्या दोघी.
त्याही धुतल्यासारख्या साफ, आत कुणी नाही,
दोनदा तपासलं.
चढल्या. वारा होता.
उतरल्या.

रजिस्टरला रकाने दोनच, गेली आणि राहिली.
कारणाचा आखू नका, म्हणाले कुळकर्णी सर,
कोळी काही सांगत नाहीत.
मी पेन्सिलीनं आखलाय, पुसट.
अजून कोराच आहे.