जलचिन्ह

तेहेतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटांचे ताव तपासले.
शाई पसरली, आकडा सरकला, धागा तुटला
की तावावर लाल खूण, ताव बाजूला.
बोटांखालून किती कोटी गेले ते मोजलं नाही.
सुटताना दारावर झडती, डबा उघडून दाखवायचा,
डब्यात अर्धी भाकरी आणि ठेच्याचा वास.

निवृत्त झाले, आणि पहिल्यांदाच
माझे पैसे माझ्या खात्यात एकगठ्ठा येऊन थांबले,
पाहुण्यांसारखे, चपला न काढता.
यांना बसवायचं कुठे?

जेलरोडच्या बँकेतला इस्त्रीदार मुलगा म्हणाला,
मॅडम, पाच वर्षं भरा, मग आरामच आराम.
कागद सोळा पानी,
सहीच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या आधीच मारलेल्या.
पुतण्याने फोनवर कुठल्याशा गटात घातलं,
रोज सकाळी सव्वानऊला "आज उचला",
आणि पुढे एक रॉकेट.
गंगापूर रोडला हॉटेलात मोफत शिबिर होतं.
कोटवाल्या माणसाने फळ्यावर एक रेघ काढली,
ती वर गेली. वरच गेली. फळा संपला.
चहाबरोबर काजू होते.
काजू पाहिले आणि मी सावध झाले,
कारण आमचे साहेब काजू मागवायचे
तेव्हा रविवारची पाळी ठरलेली असायची.

मग मी जुनंच काम पुन्हा काढलं.
बोलणाऱ्याला उजेडाला धरायचं
आणि विचारायचं,
मी पैसे टाकले तर तुला काय मिळतं?
बँकेतला मुलगा पेन हरवल्यासारखा खिसे चाचपू लागला.
गटाने मला गटातून काढून टाकलं.
शिबिरवाल्याच्या कार्डावर नोंदणी क्रमांक होता,
घरी येऊन सरकारी यादीत शोधला,
माणूस नाहीच, आणि क्रमांकात एक आकडा जास्त.
तेहेतीस वर्षांनंतरही
हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला.

वाचनालयात हिशेबाचं एक पिवळं पुस्तक मिळालं.
चक्रवाढीच्या पानावर कुणीतरी समासात लिहिलेलं,
"हे कर्जालाही लागू आहे, विसरू नकोस."
त्या अनोळखी माणसाचा मला फार आधार वाटला,
त्याला माझ्याकडून काहीच नको होतं.
फंडाची पुस्तिका मी उलटीकडून वाचली,
जोखमीचं पान शेवटी असतं, मुंग्यांएवढ्या अक्षरांत.
भिंग होतंच.
निरोप समारंभात शाल, नारळ आणि भिंग मिळालं होतं.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात हिशेब सांभाळलेले
यादव गांगुर्डे भेटले ते त्याच वाचनालयात.
विचारलं, पुढच्या वर्षी बाजार कुठे असेल?
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
म्हणाले, मला माहीत नाही.
मग पिशवीतून वही काढून दाखवली.
दोन हजार आठ साली अर्धे झालेले पैसे,
घाबरून विकल्याची तारीख,
आणि शेजारी स्वतःच्याच अक्षरात, "गाढवपणा".

तुम्हाला ठाऊक नसेल,
नोटेवर सगळ्यात कोरी दिसते ती जागा
नव्या मुलींना नेहमी खटकायची.
ताई, इथे छापायचं राहिलंय का?
मी काही न बोलता ताव खिडकीकडे धरायचे.
छापलेलं सगळं कुणीही पुन्हा छापू शकतं,
हे कागद बनतानाच आत उतरलेलं असतं.

माहीत नाही, असं गांगुर्डे म्हणाले
तेव्हा मला ती कोरी जागा आठवली.

अजून सगळे पाहुणे बसलेले नाहीत.
थोडे ठेवीत, थोडे दर महिन्याला फंडात,
उरलेल्यांनी निदान चपला काढल्यात.
वहीची सात पानं भरली.
त्यातली दोन खोडलेली आहेत,
तीच मी पुन्हा पुन्हा वाचते.

काल पुतण्याचा फोन आला, धापा टाकत,
आत्या, पक्की खबर आहे, आजच्या आज टाकायचेत,
काय करू?
म्हटलं, खिडकीपाशी जा आधी.