वळवळ

आंकुदच्या बंदरापासून दोन वळणं वर
आमचं कार्यालय. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही.
लोकांचे कागद घेतो, यंत्राला वाचायला देतो,
यंत्र जे वाचतं ते सरकारला पाठवतो.
माझं टेबल शेवटचं. पाटी : भरपाई.

एलेउतेरियो पेन्या आला
तेव्हा अंगाला डिझेलचा वास.
थंड पाण्यात तळाशी बुडी मारून
काटेरी एरिसो वेचणारा माणूस.
त्याच्या आडनावात, एन या अक्षराच्या डोक्यावर
एक वळवळ असते, गळाला लावायच्या किड्याएवढी.
यंत्राला ती धूळ वाटली.

पेन्या म्हणजे खडक.
पेना म्हणजे दुःख.
ध चा मा व्हायला राजवाडा लागत नाही,
एक स्कॅनर पुरतो.
होडीच्या परवान्यावर खडकाचं दुःख झालं
आणि बंदरखात्यानं विचारलं, हा कोण?

पाच महिने होडी बांधलेली.
त्यानं वहीचं पान पुढे सरकवलं, हिशेब पेन्सिलीत :
एरिसोचे एकसष्ट दिवस,
कॉम्प्रेसरला चढलेला गंज,
मदतीचा पोरगा निब्राल्डो,
सामनच्या कारखान्यात गेला तो गेलाच.
शेवटची ओळ खोडलेली. मी ती वाचली नाही.
खोटं. वाचली. बायकोची कर्णफुलं, विकली.

कलम अकरा :
चुकलेल्या पानाच्या शुल्काची तिप्पट.
चुकलेली पानं, एक.
चौदा हजार सातशे पेसो.
"आणि समुद्राचे?" त्यानं विचारलं.
समुद्राला रकाना नाही, असं मी म्हटलं,
म्हणजे म्हटलं नाही,
नुसता स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

चेक छापून आला. नाव : पेना.
आमच्या प्रिंटरला दुसरं येतच नाही.
मला कानकोंडं झालं. पेन उचललं
आणि अक्षराच्या डोक्यावर
एक लाट काढली. हातानं. नीट.
तो चेक उजेडाकडे धरून
बराच वेळ बघत राहिला,
मग घडी न घालता टोपीत ठेवून गेला.

मंगळवारी परत हजर.
चेकवर बँकेचा लाल शिक्का :
खाडाखोड.

नवा अर्ज, नवा क्रमांक.
चुकीचं स्वरूप? हस्तलिखित.
चूक कोणाची?
नऊ वर्षांत या रकान्यात
'यंत्र' सोडून मी काही लिहिलेलं नाही.
लिहिलं : ओदिला ओयार्सो.
भरपाईच्या रकान्यापाशी मात्र हात थांबला.
कलम अकरा पानांचं बोलतं,
माझ्या बोटांचं नाही.

तो बाकावर, थर्मासचं झाकण उघडून.
भरतीला अजून दोन तास होते, घाई नव्हती त्याला.
"रक्कम काय लिहायची ती लिहा,"
घोट घेत म्हणाला,
"वरची वळवळ तेवढी
पुन्हा काढा."