दीडशे रुपयांचा हात

खानापुरात स्टेशन रोडला, सायकलच्या दुकानावर
मठपतींचा स्टुडिओ.
पाटी दोन लिप्यांत, रंग दोन्हींचा उडालेला,
कानडीचा जरा कमी.

काचेत दुसऱ्यांची बाळं.
एक कापसाच्या ढगावर,
एक मधमाशीच्या टोपड्यात घामेजलेलं,
एक थर्माकोलच्या चंद्रावर बसून
कुणाला तरी फोन करायलंय.
खाली चिकटवलेलं : सहा महिने स्पेशल, पस्तीसशे.

माझ्या पर्समध्ये आठशे.
त्यातले दोनशे नणंदेचे,
"बाळीला काहीतरी घे" म्हणून मुठीत कोंबलेले.

म्हटलं, ढग नको, चंद्र नको,
नुसतं बाळ काढा.
मठपती हसले नाहीत. कॅल्क्युलेटर काढला.
"मंगळवारी दुपारी या, गिऱ्हाईक नसतंय.
टोपली तुमची, कापड तुमचं,
खिडकीतल्या उजेडाला पैसे नाहीत.
तीन फोटो, त्यातला एक मोठा. साडेसहाशे.
खरं, अल्बम मिळणार नाही."

टोपली शेजारच्या गंगव्वाची, भाकरीची.
रात्री धुऊन सकाळी उन्हात ठेवली
तरी तांदळाच्या पिठाचा वास तिथंच.
आत माझं इरकल, लग्नातलं,
घडीवर विरलेलं. विरलेली बाजू खाली घातली.

बारशाला सासरे म्हणाले होते,
"मलप्रभा? नदीचं नाव ठेवताय,
आणि पोर एका जागी बसंल व्हय?"

बसली नाही.
डावीकडं कलंडली, उजवीकडं कलंडली,
इरकलचा काठ चोखून ओला केला.
ह्यांनी खुळखुळा वाजवला, चुटक्या वाजवल्या,
भट्टीवर दिवसभर कौलं रचणारा माणूस
परक्याच्या स्टुडिओत गुडघ्यावर बसून
मांजर झाला, मग म्हैस झाला.
ती भिंतीवरच्या पालीकडं बघत राहिली.

तेव्हा कॅमेऱ्यामागनं मठपती,
आतापर्यंत आमच्याशी मराठीत व्यवहार केलेले,
हळूच म्हणाले, "नगु मगु. नगु, नगु."
हस बाळा, एवढंच ते.
आमच्या घरात कुणी तिला हा शब्द दिला नव्हता.
तिनं कुणाला न विचारता घेतला
आणि खालचा अर्धा दात दाखवला.

"धरा मागनं! हात कापडाखाली लपवा!"
मी टोपलीमागं उकिडवी.
डोकं खाली, खांदे खाली,
जेवढी मावेन तेवढी लहान झाले.
खट्. खट्. खट्.

शनिवारी पाकीट मिळालं.
एकात जांभई. एकात नुसतं टाळू.
तिसऱ्यात हसू, आख्खं,
आणि तिच्या काखेखाली, इरकलच्या बाहेर
चार बोटं.
एकावर अंगठीचा पांढुरका वळ.
अंगठी बाळंतपणात सोसायटीत गेली, ती अजून तिथंच.

"कॉम्प्युटरवर पुसतो की," मठपती म्हणाले,
"होतं म्हणून कळणारसुद्धा नाही.
दीडशे होतील."

साडेसहाशे आणि दीडशे.
हिशेब एवढा नेमका जुळला
की मला रागच आला.

हे म्हणाले, पुसूया, चांगला दिसेल.
मी फोटो खिडकीशी नेला, परत आणला.
जिन्यात सायकलच्या टायरचा वास होता.
खाली कुणीतरी घंटी तपासत होतं, परत परत.

"राहू दे," म्हटलं.

सव्वाशेची चौकट घेतली,
पंचवीसची भजी, उभ्यानं खाल्ली.

आता घरी येईल तो विचारतो, हात कुणाचा?
सासूबाई सांगतात, पुसून मिळत होता,
ही ऐकली नाही.
गंगव्वा म्हणते, टोपली छान आलीय.

माझा लहानपणीचा फोटो नाही.
आई म्हणते एक होता,
पुरात भिजला, चिकटला, सोलताना गेला.
कुणी धरलं होतं मला त्यात, आठवत नाही तिला.

चौकट थोडी तिरकी लागलीय.
या भिंतीत खिळा सरळ जात नाही.