नऊची लाँच

नऊची लाँच नऊला येत नाही, हे
ओरफेलिनाला सत्तर वर्षं पाठ आहे.
म्हणून टोपलीत तीन उकडलेले बटाटे,
पुडीत मीठ, लोकरीचा गुंडा, चार सुया,
आणि मोजा, टाचेपर्यंत विणून झालेला.

चिलोएचा धक्का ओला. समोरचं बेट
असेलही, धुक्यात.
तिकडे दवाखाना; डोळ्यांचा डॉक्टर
महिन्यातून एकदा, तोही आला तर.
‘आला तर’ हे ती
‘आमेन’ म्हणावं इतक्या सहज म्हणते.

लग्नाच्या वेळीही मनाशी म्हणाली होती,
मारलं नाही तरी पुष्कळ.
एलियासिननं कधी हात उगारला नाहीच, वर
भांडी घासताना शीळ घालायचा.
एवढं कुठं ठेवावं
हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

भोंगा.
नऊला दोन मिनिटं कमी.
धक्क्यावरचे सगळे उठले, एकमेकांकडे बघत,
कुणाची तरी चूक झाल्यासारखे.

ती चिडलीच जराशी.
टाके सुईवरून सुटू नयेत म्हणून
अर्धा मोजा छातीशी धरून
चढली.

बटाटे अजून गरम होते.