चौतिसावी चाल

कर्वेनगरात, गिरणीच्या वर, पहिला मजला.
चक्की सुरू झाली की पट थरथरतो,
कडेची प्यादी रेषेवर सरकतात.
मी मुलांना सांगतो, आधी सोंगटी घरात नीट बसवा,
मग विचार करा.
संध्याकाळी इथून घरी जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या केसांत
थोडी ज्वारी असते.

दाराशी पाटी. ग्रँडमास्टर. खाली फीचे दर.
एक गृहस्थ विचारून गेले,
"म्हणजे कराटेसुद्धा शिकवता का?"
नाही म्हणालो.
तरी त्यांनी मुलीला घातलं.
ती ही ओवी. कुदळ्यांची. वय अकरा.

आज तिने फडताळातून माझी जुनी वही काढली.
केचकेमेत, नोव्हेंबर, शेवटची फेरी.
चौतीस चाली, आणि पुढे बरोबरीची खूण.
एकेक चाल पटावर मांडत गेली,
जीभ दातांत धरून.
मग म्हणाली, "सर, तुम्ही तर जिंकत होता."

हो.
हत्ती सातव्या रांगेत, प्यादं एक जास्त,
त्याचा राजा कोपऱ्यात,
बोळात अडकलेल्या रिक्षासारखा.
पण मला अर्धाच गुण हवा होता.
अर्धा गुण म्हणजे तिसरा नॉर्म, तिसरा नॉर्म म्हणजे किताब,
आणि किताब म्हणजे अंगावरच्या जर्किनचं ऋण फिटणं.
पाठीवर लाल दोऱ्याने शिवलेलं:
साळुंके गादी कारखाना, भवानी पेठ.
तिकीट त्यांनी काढलं होतं.
हंगेरीत ते कुणाला वाचता येणार?
तरी मी खुर्चीला टेकत नसे,
अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून.

मी हात पुढे केला.
लायोश नुसता बघत राहिला.
म्हातारा माणूस, मिशीवर सूप वाळलेलं.
त्याने हात धरला तेव्हा कळलं,
त्यालाही दिसत होतं.

साळुंक्यांनी पेठेत पेढे वाटले,
आमच्या घरी एक डबल गादी धाडली.
आई तिच्यावर शेवटपर्यंत झोपली,
प्लास्टिक न काढता.

किताब जन्मभर राहतो. रेटिंग राहत नाही.
पंचवीसशे चार. चोवीसशे सत्तर. चोवीसशे एकतीस.
भुवनेश्वर, शारजा, कुठल्याशा होस्टेलात
कपडे वाळत घालून त्याखाली शिजवलेली खिचडी.
मग समोर बसायला लागली ती पोरं
ज्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.
मी हरायचो,
आणि त्यांचे वडील वही घेऊन यायचे,
माझी सही मागायला.

"इथून खेळू या," ओवी म्हणाली.
"मी तुम्ही. तुम्ही ते."
मी लायोशच्या बाजूला जाऊन बसलो.
इतक्या वर्षांत तो पट
तिकडून कधी पाहिलाच नव्हता.
तिकडून तो एवढा वाईट नाही.
घोड्याला दबा धरायला एक घर आहे.
मी मनापासून वाचवत होतो, खोटं नाही सांगत.

एकोणचाळिसाव्या चालीला तिचा हात
हत्तीपर्यंत गेला आणि मागे आला.
खाली हॉर्न. दोनदा. मग तिसरा, लांब.
"आई आली,"
आणि एका हाताने दप्तर ओढत
दुसरा तिने पुढे केला.
"ड्रॉ, सर?"

तो हात.
नखांत स्केचपेनची निळी शाई.

खालून चक्की सुरू झाली. पट थरथरला.
मी माझं प्यादं घरात नीट बसवलं,
उठलो, खिडकीतून ओरडलो,
"ताई, गाडी लावून वर या.
वेळ लागेल."

आता त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्यात,
मांडीवर हेल्मेट, पायाशी मेथीची जुडी,
दर मिनिटाला मोबाइल बघतायत.
ओवी विचार करतेय.
करू दे.
घड्याळ मी लावलेलं नाही.