एका टिचकीला एक

जुना माउस एकाला दोन म्हणायला लागला
त्याला तीन आठवडे झाले.
बांधाच्या कोपऱ्यावर मी एकदाच टिचकी मारते,
पडतात दोन टिंबं, एकमेकांना चिकटून,
आणि सर्व्हे नंबर एकशे बाराची हद्द
स्वतःलाच अडखळते.

गावाचे जुने नकाशे कापडावरून स्क्रीनवर
उतरवायचं काम आहे माझं. तुकड्यामागे पैसे.
लॅपटॉप दहा वर्षांचा, विंडोज त्याला पेलवेना,
तेव्हा तन्वीर मुकादमनं एका रविवारी लिनक्स घालून दिलं.
म्हणाला, आता हा तुला पुरून उरेल.
माउसचं तो काही बोलला नव्हता.

वाशी, सेक्टर सतरा, जिन्याखालचं दुकान.
गालाशेठ एकेक खोका पुढ्यात मांडतात:
हा सात रंगांत पेटतो,
हा उभा, हस्तांदोलन करावं तसा धरायचा,
ह्याला कडेला सहा बटणं.
ती बटणं कशानं चालतात?
सोबत सॉफ्टवेअर आहे ना, ताई.
मी खोका उलटा करते. खिडकी आहे, सफरचंद आहे,
पेंग्विन नाही.
"सगळ्यात चालतो हो."
एका स्थळाबद्दल आत्याही असंच म्हणाली होती.

पिशवीतून लॅपटॉप काढून मी काउंटरवर ठेवला.
बैल घेताना लोक दात बघतात, गालाशेठ,
मी फक्त शेपूट खोचून बघणार.

पहिल्याचं चाक दोन ओळी जास्तच धावलं.
दुसरा बिनतारी, एकदा झोपला तो उठेना.
तिसऱ्याचं मधलं बटण इतकं घट्ट
की दाबायला जावं तर चाकच फिरायचं.
आणि मधलं मला हवंच.
इथे नाव नुसतं निवडायचं,
मधलं दाबलं की हवं तिथे उतरतं,
उचल म्हणावं लागत नाही, ठेव म्हणावं लागत नाही.
दिवसाला दोनशे खातेदार मी असे हलवते,
नागो पोशा, हिराबाय चांगो,
ज्यांच्या भातशेतीवर आता
सिग्नल हिरवा व्हायची वाट बघतात गाड्या.

मागे एक मुलगा चार्जरसाठी ताटकळलेला.
"डोंगर पोखरून शेवटी उंदीरच काढणार ना?"
गालाशेठ म्हणाले, पण स्टुलावर चढले
आणि वरच्या फळीवरून धूळ खाल्लेला एक खोका काढला.
काळा, तारेचा, तीन बटणांचा,
दोन्ही कुशींनी सारखा. तीनशे वीस.
खोचला. कुणी काही विचारलं नाही,
कुठून काही उतरवून घ्या म्हटलं नाही.
बाण हलला.

तिथेच मी एकशे बारा उघडला, कोपऱ्यावर टिचकी मारली.
एक.
परत. एक.
बावीस वेळा मारली,
दहाव्यापासून तो मुलगाही मोजत होता.

रात्री बाबा शेजारी येऊन बसले.
"दे बगू."
ते डावरे. सेटिंगमध्ये मी एक खूण केली,
डावं उजवं झालं.
मिठागरात फावडं धरलेला तो हात
माउसवर नुसता ठेवलेला, दाब न देता,
झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा.
बाण खाडीपर्यंत गेला, परत आला,
हद्दीच्या बाहेर, पूर्वेला दोन बोटं, थांबला.
"आपला बांध हितवर व्हता."
कापडावर तसं नाहीये, मी म्हटलं.
"नसल."
आणि दाबलं.

एकच टिंब पडलं.
मी ते पुसलेलं नाही.
जतनही केलेलं नाही.
लॅपटॉप रात्रभर चालू आहे.